विश्लेषण : घरात एमसीबी असूनही विजेचा धक्का जीवघेणा का ठरतो?

पावसाळा सुरू झाला की गीझर, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटार किंवा कपडे वाळत घालायची तार यांतून विजेचा धक्का बसल्याच्या बातम्या येऊ लागतात. ‘आमच्याकडे एमसीबी आहे, धक्का बसला तर तो पडेल,’ अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात एमसीबी माणसाला वाचवण्यासाठी बसवलेलाच नसतो. मग माणसाला वाचवते कोण?

एमसीबीचे काम नेमके काय?

वायरिंगला वाचवणे. तारेवर क्षमतेपेक्षा जास्त भार आला किंवा शॉर्टसर्किट झाले, तर एमसीबी पुरवठा तोडतो आणि आगीचा धोका टळतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला १६ अँपिअरपर्यंतचा प्रवाह नेहमीचाच वाटतो.

आता शरीराचा हिशेब पाहू. ओल्या शरीराचा रोध ढोबळमानाने १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्यातून २३० मिलिअँपिअर, म्हणजे ०.२३ अँपिअर प्रवाह जातो. साधारण ५० वॅटचा बल्ब एवढाच प्रवाह घेतो. माणूस तडफडत असतो. एमसीबीच्या लेखी मात्र घरात आणखी एक बल्ब लागलेला असतो.

किती प्रवाह घातक ठरतो?

सुमारे १० मिलिअँपिअरपासून स्नायू आखडू लागतात आणि पकडलेली वस्तू सोडता येईनाशी होते. ‘वीज ओढून घेते’ असे म्हणतात, ते यामुळेच. प्रवाह ३० मिलिअँपिअरच्या वर गेला आणि टिकून राहिला, तर श्वास अडकू शकतो, हृदयाची लय बिघडू शकते.

आरसीसीबी वेगळा कसा?

फेजमधून जितका प्रवाह जातो, तितकाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. आरसीसीबी या दोन्हींची सतत तुलना करतो. काही प्रवाह शरीरातून जमिनीत गेला की हिशेब जुळत नाही आणि आरसीसीबी सेकंदाच्या काही अंशात पुरवठा तोडतो. घरासाठी तो ३० मिलिअँपिअरचा असावा. इलेक्ट्रिशियन त्याला अनेकदा ‘ईएलसीबी’ म्हणतात. त्यावरचे ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबल्यावर तो पडला नाही, तर तो निकामी समजून इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

त्यालाही मर्यादा आहेत. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल पकडली, प्रवाह जमिनीत गेलाच नाही, तर आरसीसीबीला काही कळत नाही. तो जादा भारही ओळखत नाही. म्हणून एमसीबी हवाच. दोन्ही कामे एकत्र करणारे ‘आरसीबीओ’ही मिळतात.

अर्थिंग कशासाठी?

गीझरच्या आत फेज धातूच्या टाकीला चिकटली, तर अर्थिंगची तार तो प्रवाह जमिनीकडे नेते आणि कोणी हात लावण्याआधीच आरसीसीबी पडतो. थ्री-पिनची वरची पिन लांब असते, ती अर्थिंग सर्वांत आधी जोडले जावे म्हणून. ती पिन तोडणे किंवा सॉकेटमध्ये नुसत्या तारा खोचून काडीने दाबणे म्हणजे हे संरक्षण स्वतःच काढून टाकणे.

आरसीसीबी सारखा पडत असेल तर?

‘कटकट नको’ म्हणून तो काढून थेट जोडणी करून घेणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. गीझरचे खराब एलिमेंट, ओल धरलेला पॉइंट किंवा दोन सर्किटचे एकत्र झालेले न्यूट्रल, ही त्यामागची नेहमीची कारणे असतात. एकेक उपकरण बंद करून दोष शोधता येतो.

कामाच्या ठिकाणी काय पाहावे?

बांधकामावरील ड्रिल, वेल्डिंग मशीन आणि एक्स्टेन्शन बोर्ड यांचा पुरवठा आरसीसीबीतूनच घ्यावा. जोड दिलेल्या केबल पाण्यातून नेऊ नयेत. दुरुस्ती करताना मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे. ‘काम सुरू आहे’ ही पाटी ऐन वेळी कोणी वाचेलच असे नाही.

धक्का बसल्यास काय करावे?

व्यक्तीला हात लावू नये. आधी मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागेवर उभे राहून कोरड्या लाकडी काठीने तिला तारेपासून दूर करावे. श्वास थांबला असेल तर सीपीआर सुरू करून १०८ ला फोन करावा. रस्त्यावर तुटून पडलेल्या वीजवाहिनीच्या मात्र जवळही जाऊ नये. इतरांना लांब ठेवून १९१२ वर वीज कंपनीला कळवावे.

आज घरातला मेन बोर्ड उघडून ‘टी’ बटण आहे का, एवढे तरी पाहा. नसेल, तर पुढच्या पावसाआधी इलेक्ट्रिशियनला बोलवायला हवे.