वेळासच्या किनाऱ्यावरील पहाटेची फेरी

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या हिवाळ्यात रात्री अंडी घालून समुद्रात परततात. पूर्वी ही अंडी माणसे नेत, कोल्हेकुत्री उकरून खात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने संरक्षणकार्य आरंभिले. स्वयंसेवक पहाटे किनारा पायी तपासून वाळूत उमटलेल्या खुणांवरून घरटे शोधतात आणि त्यातील सुमारे १०० अंडी कुंपणाच्या आत तितक्याच खोल खड्ड्यात ठेवतात. येथे विलंब चालत नाही. कारण काही तासांतच गर्भ कवचाच्या वरच्या बाजूस चिकटतो व त्यानंतर अंडे उलटल्यास तो दगावतो. सुमारे ५० दिवसांनी पिले बाहेर येतात आणि समुद्राची वाट धरतात. त्यांचे जीवित त्या एका पहाटेच्या दक्षतेवर अवलंबून असते.