कपाटातला जुना फोन पाड्यावर काय करतो?





गेल्या नाताळात आम्ही मंडळ्यांना एक विनंती केली होती. घरात पडून असलेले, पण चालू असलेले मोबाइल सातपुड्यातल्या पाड्यांसाठी द्यावेत. अनेकांनी आनंदाने दिले. कुणी चार्जरसकट दिला, कुणी नवे कव्हर घालून दिला. जानेवारीत त्यातले तीन फोन घेऊन मी धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर गेले. शेवटचा दोन तासांचा रस्ता पायवाटेचा होता.

पाड्यावर आरोग्याचे काम पाहणाऱ्या ताईंच्या हातात मी पहिला फोन दिला. त्यांनी तो सुरू केला, तर पडद्यावर आधीच्या मालकाच्या खात्याचा पासवर्ड मागितला गेला. दुसऱ्या फोनचेही तेच झाले. तिसरा मात्र उघडला. ताईंनी ते दोन्ही फोन रुमालात गुंडाळून मला परत दिले आणि म्हणाल्या, “बाई, फोन चांगलेच आहेत. पण ते अजून त्यांचेच आहेत.”

मला ओशाळल्यासारखे झाले. चूक देणाऱ्यांची नव्हती. काय करून फोन द्यायचा हे आम्हीच त्यांना सांगितले नव्हते. तेवढ्यात तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांनी उघडलेल्या फोनकडे बोट करून विचारले, “इथे रेंज नाही. मग हा तरी काय कामाचा?”

त्या संध्याकाळी ओट्यावर बसून मी त्यांना जे दाखवले, तेच आज आपल्यासमोर मांडते आहे. यातल्या बऱ्याच सोयी आपल्या खिशातल्या फोनमध्येही आहेत, पण आपण त्या कधी उघडून पाहिलेल्या नसतात. कंपनीप्रमाणे नावे थोडी बदलतात, म्हणून सेटिंग्जमध्ये वरच्या शोधाच्या रकान्यात शब्द टाकून पाहावे.

रेंज नसतानाही चालणाऱ्या गोष्टी

पहिली गोष्ट नकाशाची. आपण कुठे आहोत हे फोनला आकाशातल्या उपग्रहांवरून कळते. त्यासाठी सिम लागत नाही आणि नेटही लागत नाही. फक्त नकाशाचे चित्र नेटवरून येते, म्हणून ते आधीच उतरवून ठेवायचे. गूगल मॅप्समध्ये आपल्या खात्याच्या चित्रावर बोट ठेवले की ‘ऑफलाइन नकाशे’ ही ओळ दिसते. तालुक्याच्या गावी नेट असताना आपला भाग निवडून उतरवून घ्यावा आणि अधूनमधून ताजा करावा. मग डोंगरात मोकळ्या आकाशाखाली थोडा वेळ उभे राहिले की निळा ठिपका आपली जागा दाखवतो. पायवाटा या नकाशात नसतात, हे मात्र लक्षात ठेवावे.

त्या ठिपक्याच्या जागी बोट दाबून धरले की अक्षांश-रेखांशाचे आकडे मिळतात. आम्ही काय केले, तर रुग्णवाहिका जिथपर्यंत येऊ शकते त्या वळणावर उभे राहून हे आकडे घेतले आणि पाड्यावरच्या अंगणवाडीच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवले. आजारी माणसाला बांबूच्या झोळीतून खाली आणावे लागते. झोळी एका वळणावर आणि गाडी दुसऱ्याच वळणावर, असे पूर्वी झाले आहे. आता एक जण रेंज मिळते त्या टेकडावर पळतो, १०८ ला फोन लावतो आणि गावाच्या नावासोबत ते आकडे वाचून दाखवतो.

दुसरी गोष्ट रेडिओ. बऱ्याच जुन्या फोनमध्ये एफएम रेडिओ असतो. वायरचे इअरफोन लावले की ती वायरच एरियलचे काम करते. आकाशवाणीचे केंद्र जिथे पकडते तिथे हवामान, बातम्या, शेतीचे कार्यक्रम ऐकायला पैसा लागत नाही. नव्या फोनमधून ही सोय बरीच कमी झाली आहे, म्हणून या बाबतीत जुना फोनच बरा! फोन देताना वायरचे इअरफोनही द्या, ही विनंती.

तिसरी गोष्ट आवाजाची नोंद. पाड्यावरच्या बायका घरात पावरी बोलतात आणि औषधाच्या पाकिटावरची मराठी त्यांना वाचता येत नाही. ताई प्रत्येकीची गोळी कधी, कशासोबत घ्यायची ते पावरीत बोलून रेकॉर्ड करतात. घरातल्या फोनवर ते बोलणे संध्याकाळी पुन्हा ऐकता येते. याला नेट लागत नाही.

चौथी गोष्ट एका फोनमधून दुसऱ्यात देण्याची. ब्लूटूथ सर्वांना माहीत आहे, पण मोठा व्हिडिओ त्यावरून फार हळू जातो. अँड्रॉइड फोनमध्ये ‘क्विक शेअर’ ही सोय आहे. २०२४ च्या आधी तिचेच नाव ‘निअरबाय शेअर’ होते. दोन फोन शेजारी ठेवले की नेटशिवाय, पैसे न मोजता व्हिडिओ पटकन जातो. एकाने तालुक्याला जाऊन बाळाच्या आहाराचा व्हिडिओ उतरवून आणला की तो पाड्यावरच्या दहा घरांत पोहोचतो.

संकटाच्या वेळी

आमच्या भागातला एक तरुण ऊसतोडीला गुजरातेत गेला होता. त्याला सिकलसेलचा आजार आहे. परत येताना एसटी स्थानकावर अंगदुखीने तो कोसळला. लोकांनी त्याला दवाखान्यात पोहोचवले. पण त्याला नीट बोलता येईना, फोनला लॉक होते आणि आजाराचे कार्ड घरी राहिले होते. त्याला सिकलसेल आहे हे डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी घरचे पोहोचल्यावर कळले. देवाच्या दयेने तो वाचला. पण तो एक दिवस आम्हाला विसरता आला नाही.

जे डॉक्टरांना कळायला हवे होते, ते त्याच्या खिशातला फोन लॉक असतानाही सांगू शकला असता. सेटिंग्जमध्ये ‘सुरक्षितता आणि आणीबाणी’ अशा नावाचे पान असते. तिथे रक्तगट, आजार, चालू औषधे, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे आणि घरच्यांचे क्रमांक भरता येतात. मग फोन लॉक असला तरी ‘इमर्जन्सी’ या शब्दावर बोट ठेवून कुणालाही ती माहिती वाचता येते. आयफोनमध्ये हीच सोय हेल्थ ॲपमध्ये ‘मेडिकल आयडी’ या नावाने आहे. फार जुन्या फोनमध्ये हे पान सापडले नाही, तर आम्ही साधा उपाय करतो. कागदावर मोठ्या अक्षरांत ‘मला सिकलसेल आहे’ आणि घरचा क्रमांक लिहायचा, त्याचा फोटो काढायचा आणि तोच लॉक स्क्रीनचे चित्र म्हणून लावायचा.

आदिवासी भागांत सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून या आजाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. तपासणी होते, कार्ड मिळते. ते कार्ड घरच्या पत्र्याच्या पेटीत राहते आणि माणूस कामाला दूर जातो. फोन मात्र त्याच्या सोबत असतो.

दुसरी सोय संकटाच्या बटणाची. १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये ही सोय असावी असा सरकारचा नियम आहे. स्मार्टफोनचे पॉवरचे बटण लागोपाठ तीनदा दाबायचे, आणि साध्या फोनवर ५ किंवा ९ हा आकडा दाबून धरायचा, अशी ती पद्धत. नव्या अँड्रॉइड फोनमध्ये अनेकदा पाच वेळा दाबावे लागते. आपल्या फोनमध्ये काय आहे ते सेटिंग्जमध्ये पाहून ठेवावे, पण गंमत म्हणून दाबून पाहू नये, कारण फोन खरोखर ११२ ला लागतो. आपल्या कंपनीची रेंज नसेल आणि पडद्यावर ‘फक्त इमर्जन्सी कॉल’ असे दिसत असेल, तर दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून ११२ लागू शकतो. रेंज नाही म्हणून लोक प्रयत्नच करत नाहीत.

वाचता येत नाही, ऐकू कमी येते

अँड्रॉइडच्या ॲक्सेसिबिलिटी या भागात ‘सिलेक्ट टू स्पीक’ ही सोय आहे. ती चालू करून मजकुरावर बोट ठेवले की फोन तो वाचून दाखवतो, मराठीतही. मराठी आवाज एकदा नेट असताना उतरवून घ्यावा. रेशनचा किंवा बँकेचा संदेश आला की तो वाचून घ्यायला शाळेतल्या मुलाची वाट पाहावी लागत नाही. त्याच भागात अक्षरे मोठी करण्याची सोय आहे. ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यासाठी गूगलचे ‘साउंड ॲम्प्लिफायर’ हे मोफत ॲप आहे. इअरफोन लावले की समोरच्याचे बोलणे मोठे ऐकू येते. हे श्रवणयंत्र नव्हे, पण उपासनेत मागच्या बाकावर बसणाऱ्या आपल्या आजी-आजोबांनाही ते दाखवण्यासारखे आहे.

बॅटरी आणि लहान हात

जुन्या फोनची बॅटरी लवकर उतरते आणि पावसाळ्यात पाड्यावरची वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही. रेंज नसलेल्या जागी फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि त्यातच बॅटरी संपते. अशा वेळी फ्लाइट मोड लावावा. टॉर्च, कॅमेरा, रेकॉर्डर आणि उतरवलेला नकाशा चालूच राहतात. फोन लावायचा असेल तेव्हा मात्र तो मोड काढायला विसरू नये.

पाड्यावर एक फोन अनेकांच्या हातांतून फिरतो. ‘ॲप पिनिंग’ लावले की मुलाच्या हातात एकच ॲप उघडे राहते आणि त्यातून बाहेर पडायला लॉकचा आकडा लागेल असे ठरवता येते. मूल गोष्ट पाहत असताना ताईंच्या नोंदी पुसल्या जात नाहीत.

एक सावधगिरीही सांगते. ज्या फोनला कंपनीकडून सुरक्षेच्या सुधारणा येणे बंद झाले आहे, त्यावर बँकेचे किंवा पैसे पाठवण्याचे ॲप ठेवू नये. नकाशा, रेडिओ, रेकॉर्डर यांसाठी तो उत्तम आहे. कष्टाचे पैसे त्याच्या भरवशावर नकोत.

फोन देण्यापूर्वी

आता त्या रुमालात गुंडाळलेल्या दोन फोनांविषयी. चोराला फोन वापरता येऊ नये म्हणून अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून एक कुलूप आहे. खाते न काढताच फोन बटणांनी पुसला, तर तो पुन्हा त्याच मालकाचे खाते मागतो. चांगल्या हेतूने दिलेला फोनही त्यात अडकतो. म्हणून एवढे करावे :

१. फोटो, क्रमांक आणि व्हॉट्सॲप नव्या फोनमध्ये घ्यावे. बँकेची ॲप्स काढून टाकावीत.

२. सेटिंग्जमधून आपले गूगल खाते आणि स्क्रीनचे लॉक काढावे. आयफोन असेल तर ‘फाइंड माय’ बंद करून ॲपल खात्यातून बाहेर पडावे.

३. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्यावे. फोन पुसला तरी कार्डावरचे फोटो राहू शकतात.

४. सेटिंग्जमधूनच फॅक्टरी रीसेट करावे आणि फोन पुन्हा सुरू करून पाहावा. जुना पासवर्ड मागितला नाही म्हणजे काम झाले.

५. *#०६# दाबून येणारा आयएमईआय क्रमांक बिलासोबत लिहून द्यावा. बिल नसेल तर आपल्या सहीची चिठ्ठी चालेल. पुढे फोन हरवला तर तक्रारीला हा क्रमांक लागतो.

६. बॅटरी फुगलेली असेल तर तो फोन देऊ नये. ती पेट घेऊ शकते.

आपल्यापैकी कुणी जुना फोन विकत घेत असेल, तर आधी केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, मग एक जागा सोडून आयएमईआय क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवावा. तो फोन कोणत्या कंपनीचा आहे आणि चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का, हे कळते.

ते दोन फोन मी परत आणले. एकाच्या मालकीणबाई आमच्याच मंडळीतल्या निघाल्या. रविवारी उपासनेनंतर त्यांनी पासवर्ड घातला, खाते काढले आणि मार्चमध्ये तो फोन पुन्हा त्याच पायवाटेने वर गेला. दुसरा ज्यांचा होता ते आजोबा आता आपल्यात नाहीत. घरच्यांनी बरेच शोधले, पण पासवर्ड कुणालाच सापडला नाही. तो फोन माझ्या टेबलाच्या खणात आहे.

ऊसतोडीचा तो तरुण या हंगामातही गुजरातेत गेला. निघण्यापूर्वी त्याने स्वतः येऊन फोन पुढे केला आणि म्हणाला, “बाई, ते पान भरून द्या.” आम्ही ते भरले, मग फोन लॉक करून त्याच्या आईच्या हातात दिला. कुठे बोट ठेवायचे ते तिने दोनदा करून पाहिले.

आपला फोन आज उघडून ते पान आधी स्वतःसाठी भरा. आणि कपाटातला जुना फोन वरचे सहा मुद्दे पाहून आपल्या पाळकसाहेबांकडे द्या. आम्ही तो वर पोहोचवू.

ख्रिस्तात आपली बहीण,
पाड्यांवरील आरोग्य कार्यातील एक सेविका