आजोळचे माप

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी बाजारपेठेचा आढावा, करपद्धतीतील फेरबदल आणि संस्थेचा अहवाल यांस योग्य ते स्थान मिळते, व ते मिळावयासच हवे. परंतु व्यापाऱ्याच्या दुकानामागे त्याचे माजघरही असते, आणि त्या माजघरात वाढणाऱ्या मुलांवरच पेढीचे व घराण्याचे पुढील नाव अवलंबून असते. यंदा चिटणीसांनी बाजारभावाखेरीज काही लिहावे असे सुचविले, म्हणून नातवंडे आणि आजी-आजोबा या घरगुती विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि लेखणीचा सराव रोजमेळ व खतावणी लिहिण्यापुरता. भाषेत उणे-अधिक असेल ते वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आमचे बालपण बेळगावच्या पेठेत गेले आणि मे महिना शेडबाळास, आजोळी. मिरज-लोंढा हा लोहमार्ग त्या काळी मीटरगेज होता. तो रुंद झाला नव्वदीच्या दशकात. कोळशाच्या इंजिनाची ती गाडी गोकाक रोड, घटप्रभा, रायबाग, कुडची अशी रमतगमत जाई. कुडचीपुढे कृष्णेचा पूल आला की आई आमच्या हातावर एकेक पैसा ठेवी. तो नदीत टाकून हात जोडायचे, असा परिपाठ होता. शेडबाळास उतरेपर्यंत आमची तोंडे काजळीने काळी झालेली असत, आणि आजी प्रथम आमचा चेहरा पुशी व मग आम्हांस ओळखी.

आजोळी लाड होत नसत असे नव्हे. पन्हे होते, शेवया होत्या, उन्हात वाळत घातलेल्या पापडांच्या लाट्या पळविण्याची मुभाही होती. रात्रीचे जेवण दिवस मावळण्यापूर्वीच आटपत असल्यामुळे अंधार पडल्यावरचा सारा वेळ आम्हां मुलांचा असे. अंगणात अंथरुणे पडत आणि भरत-बाहुबलीची कथा आजीच्या तोंडून अनेकदा ऐकलेली असूनही पुन्हा नवी वाटे. तथापि आज साठी उलटल्यावर मागे पाहता, मनात सर्वांत खोल रुतून बसले आहे ते हे लाड नव्हेत. रुतून बसले आहे ते आजोबांच्या हाताखाली केलेले काम.

आजोबा, म्हणजे आमचे अण्णा, धान्याचेच व्यापारी होते. सुट्टीत आलेल्या नातवास ते पाहुणा समजत नसत. सकाळी दूध पिऊन झाले की 'चल रे, दुकान उघडायचं आहे' एवढेच म्हणत. दाभणात सुतळी ओवणे, पोत्याचे तोंड शिवताना कडा धरणे, सांडलेले दाणे वेचून सुपात भरणे, ही आमची कामे. पोत्यात पोकळ लोखंडी सळई खुपसून नमुना काढला की तो प्रथम आमच्या तळहातावर पडे. दाणा दाताखाली धरावयाचा. कट्‌दिशी फुटला तर वाळलेला, चेपला तर ओला. मग वास घ्यावयाचा. धान्य चाळताना किडे निघत, ते पायाखाली येऊ नयेत म्हणून थोड्या दाण्यांसह परसातल्या सावलीत नेऊन सोडण्याचे कामही आमच्याकडेच होते. अहिंसा म्हणजे काय हे आम्ही पाठशाळेत नंतर शिकलो. सूप न हिंदकळता परसापर्यंत नेणे आम्हांस त्याआधीच येत होते.

सरकारने १९५७ साली दशमान नाणी आणली आणि १९६२ पर्यंत किलोग्रॅमची वजने सक्तीची केली. दुकानात काटा आला तरी घरात मात्र गडीमाणसांस धान्य द्यावयाचे ते पायली-शेरानेच. अण्णा आम्हांस ती मापे ओळीने मांडून दाखवीत. पायलीच्या निम्मी अधोली, अधोलीच्या निम्मा शेर, शेराच्या निम्मे मापटे, मापट्याच्या निम्मे चिपटे, त्याच्या निम्मे कोळवे आणि त्याच्याही निम्मे निळवे. म्हणजे एका पायलीची चिपटी १६ आणि निळवी ६४. आता रुपया पाहा. त्याचेही आणे १६ आणि जुने पैसे ६४. तेव्हा पायलीचा भाव जितके रुपये, तितकेच आणे चिपट्यास आणि तितकेच पैसे निळव्यास. कागद नको, पेन्सिल नको. हा मेळ ज्या दिवशी उमगला त्या दिवशी झालेला आनंद आम्हांस पुढे कोणत्याही परीक्षेच्या निकालाने दिला नाही. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी आम्ही छडीच्या धाकाने पाठ केली होती. त्यांचा उपयोग काय, हे आजोळच्या ओसरीवर कळले.

माप भरण्याचीही एक रीत होती. 'घेताना सपाट घ्यावं, देताना शीग लावून द्यावं,' असे अण्णा म्हणत. मापाच्या काठावर दाण्यांची जी रास उभी राहते ती शीग. आमच्या इवल्या हातांनी ती ढासळे, मग अण्णा आणखी मूठभर घालीत. 'देताना सांडलं तर सांडू दे, ते वाया जात नाही,' हे त्यांचे बोल अजून कानात आहेत.

या शिकवणुकीची कसोटी आम्ही डोळ्यांनी पाहिली ती १९७२-७३ च्या दुष्काळात. आमचे वय तेव्हा १२ वर्षांचे. अण्णांच्या वाड्यात जोंधळ्याचे एक पेव होते. पेव म्हणजे जमिनीत खणलेले धान्याचे कोठार. आत कडबा लावून धान्य भरावयाचे, तोंड दगडामातीने बंद करावयाचे, की ते काही वर्षे टिकते. सांगलीशेजारी हरिपुरास हळदीची अशीच पेवे होती आणि २००५ च्या महापुरात त्यांची मोठी हानी झाली, हे पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. पेव उघडले की आत लगेच उतरता येत नाही, कारण कोंडलेल्या हवेने माणूस गुदमरून दगावतो. अण्णांनी आम्हां मुलांस वीस पावले दूर उभे केले आणि पेटता कंदील दोरीने आत सोडला. तो विझला. 'आज कुणी उतरायचं नाही,' अण्णा म्हणाले, आणि बाहेर गिऱ्हाइकांची रांग असताना तो दिवस त्यांनी तसाच जाऊ दिला. दुसऱ्या दिवशी कंदील जळत राहिला तेव्हाच गडी आत उतरला.

त्याच संध्याकाळी परगावचा एक दलाल आला होता. सगळे पेव एकरकमी उचलण्याची त्याची तयारी होती, आणि त्याने सांगितलेला भाव चढा होता. अण्णांनी 'उद्या सांगतो' म्हणून त्यास वाटेला लावले. रात्री अंगणात आम्ही झोपेचे सोंग घेऊन पडलो होतो. आजी म्हणाली, "लेकीच्या लग्नाचं देणं अजून फिटलेलं नाही, हे ध्यानात आहे ना?" अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गावचं गिऱ्हाईक चाळीस वर्षांचं आहे, हा दलाल चाळीस दिवसांचा." आजी त्यावर एवढेच बोलली, "मग घरचं अन् सालगड्यांचं वर्षाचं आधी काढून ठेवा, आणि बाकीचं थोडंथोडंच सोडा, पावसापर्यंत पुरलं पाहिजे." त्याप्रमाणे पेव किरकोळीने विकले गेले. देणे आणखी दोन वर्षे राहिले, हे आम्हांस पुढे आईकडून कळले. पण त्यानंतर अण्णांच्या हयातीत गावातील एकाही घराने त्यांची उधारी बुडविली नाही.

आता आजच्या दिवसांकडे वळू. आमची मुले शिकून पुण्या-बेंगळुरास स्थायिक झाली, आणि दुकानात बसण्यास ती परत येणार नाहीत हे आम्ही जाणून आहोत. त्याविषयी तक्रार नाही. पण आपल्यापैकी कित्येक बंधू दुकान आवरून, वाडा विकून, मुलांच्या शहरी सदनिकेत राहावयास जाण्याच्या विचारात आहेत. आम्हीही तेथे महिना-महिना राहून पाहिले. नातवंडे प्रेमळ आहेत, परंतु तेथे आजोबा दिवसभर खुर्चीत बसलेले दिसतात. रिकामे बसलेले आजोबा मुलांस करमणुकीपुरते हवे असतात, आणि करमणूक तर भ्रमणध्वनी अधिक चांगली करतो. तेच आजोबा कामात दिसले की मूल आपण होऊन जवळ येऊन उभे राहते.

गतवर्षी मे महिन्यात आठ वर्षांचा नातू आणि सहा वर्षांची नात, दोघे आईबापांवाचून आमच्याकडे तीन आठवडे राहिले. पहिले दोन दिवस कंटाळले. तिसऱ्या दिवशी नातू दुकानात आला आणि विचारू लागला, "आज्जा, तुम्ही प्रत्येक पोत्यात हात का घालता?" आम्ही त्याच्या तळहातावर दाणे ठेवले. आठवडाभरात तो ओला-वाळला दाणा दाताने ओळखू लागला. नातीने आजीबरोबर चिपट्या-मापट्यांचा खेळ मांडला, आणि ३२ कोळवी कशी होतात हे तिने आमच्या मुनिमांस समजावून दिले. तांदूळ पिशवीत पिकत नाही, हेही दोघांस प्रथमच कळले.

म्हणून बंधूंस व भगिनींस विनंती एवढीच. नातवंडांस वर्षातून निदान पंधरा दिवस आपल्याकडे ठेवून घ्यावे, आणि शक्य तर आईबापांनी त्या दिवसांत आपल्या कामावर जावे. त्यांस पाहुण्यासारखे न वागविता हाती एखादे काम द्यावे, मग ते सुतळी ओवण्याचे का असेना. खेळणी व खाऊ यांनी माया विकत घेण्याच्या भरीस पडू नये. माळ्यावर पायली-शेर पडले असतील तर ते मोडीत न घालता घासून खाली आणावेत. आणि ज्यांनी दुकान बंद करण्याचे ठरविलेच असेल, त्यांनी तो मुहूर्त दिवाळीचा न धरता पुढच्या जूनचा धरावा, म्हणजे नातवंडांस त्या दुकानातील एक मे महिना तरी मिळेल.

पेढी कोणाकडे जाईल हे आपल्या हाती राहिलेले नाही. परंतु घेताना सपाट आणि देताना शीग लावून, ही रीत ज्या मुलाच्या हाताने एकदा अनुभवली, ते पुढे संगणकावर बसो वा परदेशी जावो, तिचा त्यास विसर पडणार नाही, असा आम्हांस भरवसा आहे. सर्व सभासदांच्या घरी येत्या सुट्टीत नातवंडांची वर्दळ राहो, ही सदिच्छा.