धोंड्याच्या महिन्यातली सुट्टी

दिवाळी अंकात मे महिन्याचा विषय निघाला की वाचणारा आधी दारातल्या आकाशकंदिलाकडे बघणार. पण मुखेडसारख्या तालुक्याच्या गावात मे महिना ठरतो तो याच दिवसांत. नवी पंचांगं येतात, तुळशीचं लग्न लागतं आणि पोरीच्या बापांची तारखांसाठी धावाधाव सुरू होते. एकदा मंगल कार्यालयं धरली गेली की सुट्टीचा बेत उरल्यासुरल्या दिवसांत कोंबावा लागतो, आणि तो मावत नाही. मग मेच्या अखेरीला पोरं विचारतात, ‘‘आपण कुठंच नाही गेलो?’’ आणि घरातली मोठी माणसं पुढच्या वर्षावर ढकलून मोकळी होतात.

यंदा पंचांग हातात आलंच आहे तर २०२६चा मे नीट बघून घ्या. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. अधिक महिना म्हणजे लग्नं बंद. २०१८मध्येही अधिक ज्येष्ठ असाच मेच्या मध्यावर आला होता. २०२३चा अधिक महिना श्रावणात पडला. तेव्हा शाळा भरलेल्या होत्या, रानात खुरपणी चालू होती, सुट्टीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. उन्हाळ्याच्या सुट्टीत लग्नसराई आपण होऊन थांबते, असा योग काही वर्षांतून एकदा येतो.

‘सगळं कुटुंब’ हा शब्द आपल्याकडे लिहायला सोपा आणि जमवायला अवघड आहे. या तालुक्यातली माणसं पोटासाठी चारी दिशांना गेलेली आहेत. कोणी पुण्यात, कोणी मुंबईत, कोणी हैदराबादला, कोणी वीटभट्टीवर, तर कोणी ऊसतोडीला. कारखान्यांचं गाळप आटोपलं की मार्च-एप्रिलमध्ये कोयते गावाकडं परततात. पुण्यातल्या लेकाला मे महिन्यात रजा मिळते, पण ती तो चुलतभावाच्या लग्नात आणि मेव्हण्याच्या हळदीत संपवून जातो. गावातल्या भावाची नांगरट, वखरपाळी, काडीकचरा वेचणं, शेणखत टाकणं मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकत येतं. २५ मेला रोहिणी नक्षत्र लागतं आणि त्याचं डोकं बी-बियाणं, खत आणि पीककर्ज यांत अडकतं. बायकांचं तिसरंच वेळापत्रक. शेवया, कुरडया, पापड, वर्षाचं तिखट, धान्याला ऊन देऊन कणग्या भरणं हे सगळं कडक उन्हातच होतं आणि मेच्या मध्यापर्यंत चालतं. शाळेची सुट्टी दीड महिन्याची असली तरी ती फक्त पोरांची असते. घराच्या सुट्टीचा बेत म्हणजे या चार-पाच वेळापत्रकांत मोकळी फट शोधणं. २०२६मध्ये ती फट १७ ते २४ मे या आठवड्यात आहे. त्याच्या आधी लग्नं, त्याच्या नंतर रोहिणी.

एक अडचण आहे, ती म्हणजे जावई. अधिक मासात लेक-जावयाला बोलावून धोंडे जेवू घालायचे, तेहतीस अनारसे नाहीतर बत्तासे द्यायचे, दिवा-तांब्याचं वाण द्यायचं. आपल्या भागात हे वाण चुकलेलं चालत नाही; वर्षभराचा रुसवा होतो. माझं म्हणणं, वाण १७ तारखेच्या रविवारी उरकावं आणि लेक-जावयाला सोबतच न्यावं. अनारसे प्रवासात टिकतात. शिवाय जावई बरोबर असला की सासरे वाटेत उगीच चिडत नाहीत, हा वरकड फायदा.

आता रेल्वेचं. आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं. १ नोव्हेंबर २०२४पासून ते ६० दिवसांवर आलं. म्हणजे सोमवार, १८ मेच्या गाडीचं आरक्षण १९ मार्चला उघडेल, आणि १९ मार्चला गुढीपाडवा आहे. पाडव्याला सालगड्याचं साल ठरतं, त्याच सकाळी तिकिटंही काढून टाकावीत. पुण्या-मुंबईकडून येणाऱ्यांना हे लागू; परतीचं आरक्षण याच हिशेबाने काही दिवसांनी उघडेल. मुखेडला रेल्वे नाही. जवळची स्थानकं उदगीर आणि नांदेड. मुंबई-लातूर गाडी आठवड्यातले काही दिवस उदगीरवरून बिदरपर्यंत जाते, हे आपल्याच भागातल्या बऱ्याच जणांच्या ध्यानात नसतं.

आणि बिदर हेच माझं या लेखातलं सांगणं आहे.

सुट्टी म्हटलं की आपल्याकडे महाबळेश्वर, नाहीतर कोकण. समुद्र बघावा, जरूर बघावा. नागपूर-रत्नागिरी महामार्ग लातूर, तुळजापूर, सोलापूरवरून जातो, त्यामुळे रस्ता पूर्वीसारखा वाईट राहिलेला नाही. पण मुखेडहून शिरूर ताजबंद, लातूर करत समुद्राला लागेपर्यंत एक अख्खा दिवस गाडीत जातो, आणि सत्तरीची आजी किंवा दोन वर्षांचं लेकरू बरोबर असलं तर जाण्या-येण्याच्या शिणवट्यातच अर्धी सुट्टी संपते. जवळची नेहमीची ठिकाणं मे महिन्यात फसवी आहेत. सहस्रकुंडाचा धबधबा पैनगंगेला पाणी असेल तेव्हाच बघण्यासारखा. मेमध्ये तिथं तापलेला खडक असतो. माहूरच्या पायऱ्यांनी पाय भाजतात. ही दोन्ही ठिकाणं पावसाळ्यानंतरची.

बिदर पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या वर. नांदेड गोदाकाठी, साडेतीनशेच्या आसपास. दुपारी दोन्हीकडं ऊन लागतंच, पण बिदरला रात्री वारा सुटतो आणि झोप लागते. बहमनी सुलतान अहमदशाह वलीने पंधराव्या शतकात गुलबर्ग्याहून राजधानी हलवली ती इथं. पठाराचा तांबडा जांभा खोदून किल्ल्याभोवती तिहेरी खंदक केला आहे. मधे कातळाच्या भिंती तशाच सोडल्या आहेत. पोरांना त्या खंदकाच्या काठावर उभं करा आणि विचारा, शत्रू इथून आत कसा येईल? अर्धा तास जातो. आतल्या रंगीन महालात काळ्या दगडात शिंपल्याचं जडावकाम आहे. किल्ला मोठा आहे, सकाळी उघडल्या उघडल्या जावं आणि दहाला बाहेर पडावं.

शहरात महमूद गवानचा मदरसा आहे, १४७२चा, तीन मजली. इराणातून आलेल्या या वजिराने विद्यार्थ्यांसाठी राहण्याच्या खोल्या आणि ग्रंथालय असलेली ही शाळा उभारली. १६९६मध्ये स्फोटाने तिचा मोठा भाग ढासळला. उरलेल्या मनोऱ्यावर निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे अजून आहेत. शहराबाहेर अष्टूरला बहमनी सुलतानांच्या कबरी रांगेने आहेत. त्यांतल्या हुमायूनच्या कबरीचा घुमट विजेने अर्धा फोडला आहे, त्यामुळे एरवी न दिसणारी घुमटाची जाडी आणि आतली बांधणी उघडी पडलेली दिसते. वास्तुकलेचं पुस्तक वाचून जे कळत नाही ते इथं सातवीतल्या पोराला कळतं. अष्टूरला संध्याकाळी जावं.

दुपारसाठी गुरुद्वारा नानक झिरा. गुरू नानक इथं आले होते आणि कातळातून गोड पाण्याचा झरा निघाला, अशी श्रद्धा आहे. झरा आहे, लंगर आहे, सावली आहे. शिखांच्या पहिल्या पाच खालशांपैकी, म्हणजे पंजप्याऱ्यांपैकी, भाई साहिबसिंग बिदरचे. नांदेडचा हुजूर साहिब रोज बघणाऱ्या आपल्या माणसांना हे नातं ठाऊक असावं. शहराजवळ झरणी नरसिंहाचं मंदिरही आहे: कातळातल्या बोगद्यातून छातीभर पाण्यातून चालत देवापर्यंत जायचं. मेच्या उन्हात याहून थंड जागा नाही. पण पाण्याचं मान बघून प्रवेश कधी बंद ठेवतात, म्हणून आधी चौकशी करावी; आणि ज्यांना दम्याचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी बाहेरच थांबावं. बाजारात बिदरी कारागिरांची दुकानं आहेत. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची तार ठोकून बसवायची आणि किल्ल्यातल्या मातीने धातू काळा करायचा, अशी ही कला. घ्यायचं नसलं तरी काम बघू देतात.

मुखेडहून बिदरला दोन वाटा: देगलूर-औरादवरून किंवा उदगीरवरून. जाताना उदगीरची धरावी. पहाटे पाचला निघालं तर उन्हं चढायच्या आत उदगीरचा किल्ला होतो. ३ फेब्रुवारी १७६०ला सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथं हरवलं. त्यानंतर वर्ष उलटायच्या आत पानिपत झालं. घरात कोणाला इतिहासाचं वेड असेल तर त्याला इथं बोलू द्यावं, पण अर्ध्या तासाच्या वर नाही.

तिसऱ्या दिवशी हवं तर हैदराबाद. ते मी थोडक्यात सांगतो, कारण आपल्या लोकांना ते माहीत आहे. १९५६पर्यंत आपली राजधानीच ती होती. सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, नेहरू प्राणिसंग्रहालय सोमवारी. १८ला निघालात तर बुधवारी, २० तारखेला दोन्ही उघडी मिळतात. बारा वाजता सालारजंगमधल्या घड्याळापाशी पोरांना पुढं बसवावं. आतला छोटा माणूस येऊन टोले देतो. दुपारभर त्या थंड दालनांतच राहावं आणि चारमिनार रात्रीसाठी ठेवावा.

प्रवासखर्चात एस.टी.ची सवलत मोठी आहे. २६ ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट, पासष्ट ते पंचाहत्तरला अर्धं तिकीट. १७ मार्च २०२३पासून सगळ्या बायकांना अर्धं. पाच ते बारा वर्षांच्या लेकरांना अर्धं आधीपासून आहेच. आजी, सून, लेक, नाती अशी मंडळी असली की घराचं तिकीट निम्म्याच्या आसपास येतं. पण ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. पुढं कर्नाटकातली आणि तेलंगणातली फुकट बस त्या त्या राज्यातल्या रहिवासी बायकांसाठी आहे. तिथं आपल्या आधार कार्डाचा उपयोग नाही, पूर्ण पैसे मोजावे लागतात. सीमेवर कंडक्टरशी वाद घालून सुट्टीची सुरुवात कशाला? माणसं दहा-बारा असली तर क्रूझर परवडते. मात्र गाडी पिवळ्या पाटीची घ्या. ओळखीतल्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने नेली आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. भावकीतली तीस-चाळीस माणसं एकत्र निघणार असतील तर आगारात ‘प्रासंगिक करारा’वर अख्खी एस.टी. मिळते.

उन्हाचं थोडं स्पष्ट बोलायला हवं. सपाट प्रदेशात तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त, किंवा सरळ ४५, झालं की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. आपल्याकडे मेमध्ये ४२-४३ ही नेहमीची गोष्ट. हवा अंगापेक्षा गरम झाली की नुसता पंखा गरम वाराच फेकतो. गारवा येतो तो ओलावा वाळताना. म्हणून दस्ती ओली करून मानेवर टाकावी. खिशातल्या कांद्याने काही बिघडत नाही, पण ऊन लागण्यापासून वाचवतं ते पाणी आणि मीठ: कैरीचं पन्हं, ताक, आंबील, नाहीतर औषधाच्या दुकानातली क्षारसंजीवनी. बारा ते चार हे तास बेतातून खोडूनच टाकायचे. आणि लेकरू झोपलंय म्हणून बंद गाडीत ठेवून कोणी उतरू नये, पाच मिनिटंसुद्धा.

खाण्याचं म्हणाल तर पहिल्या दिवशी दशम्या, धपाटे आणि शेंगांची चटणी घरून न्यावी. दशमी दुधात भिजवलेली असते, टिकते. दुसऱ्या दिवसापासून मात्र चूल पेटवायची नाही. सहलीला गॅस-शेगडी आणि पिठाचा डबा नेणारी घरं आहेत. तिथं पुरुष किल्ला बघतात आणि बायका धर्मशाळेच्या ओट्यावर पोळ्या लाटतात. यात पैसे वाचतात, पण अर्ध्या घराची सुट्टी होत नाही. वर्षाच्या शेवया-कुरडया करून जिचे हात भरून आलेत तिला चार दिवस आयतं ताट मिळावं, यासाठी दुसरीकडं काटकसर करा: एक रात्र कमी राहा, एसी खोली नको म्हणा, हैदराबाद सोडून द्या.

कोणाला हेही जमणार नाही. ऑगस्ट २०२५मध्ये लेंडी धरणाच्या परिसरात हसनाळ, रावणगावात पाणी शिरलं. ज्यांचं घर आणि उभं पीक गेलं त्यांना येत्या मेमध्ये सहल कुठून सुचणार? त्यांच्या लेकरांना सुट्टी मिळू शकते ती नातेवाइकांकडूनच. भाच्याला, पुतण्याला आपल्या गाडीत एक जागा ठेवा. घरी राहणाऱ्यांसाठी मुखेडातच दशरथेश्वराचं मंदिर आहे. तिथल्या सुरसुंदरींची शिल्पं संध्याकाळच्या तिरप्या उन्हात लेकरांना दाखवा. पुण्याहून आलेल्या नातवंडांनी ती बहुधा कधीच नीट पाहिलेली नसतात. पोहायला शिकायचं तर विहिरीत, पाठीला भोपळा किंवा डबा बांधून, जाणता माणूस काठावर असताना. तलाव, खदानी आणि धरणाच्या पाण्यात पोरांना एकटं सोडायचं नाही. उन्हाळ्यातल्या बुडण्याच्या बातम्या तिथल्याच असतात.

परतीला, गुरुवारी, हैदराबादहून संगारेड्डी-देगलूर रस्ता धरा. देगलूरजवळ होट्टलला सिद्धेश्वराचं चालुक्यकालीन मंदिर आहे. ज्या कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं ते, त्यांची राजधानी, आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातच आहे. चारनंतर पोचलात तर तासभर बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं बघता येतात, आणि अंधार पडायच्या सुमारास मुखेड येतं. पुण्याच्या मंडळींना शुक्रवार-शनिवार आराम करून रविवारी निघता येईल. सोमवारी २५ तारीख. गावातल्या भावाला सकाळीच कृषी सेवा केंद्रात रांगेत उभं राहायचं आहे.