मातीवर ‘निर्मिती’: सीएनसीने शिक्का कोरताना

आजच्या भागात कोड नाही, माती आहे. म्हणजे, थोडा कोड आहेच.

माझी ताई मातीचे कप बनवते. कपाच्या पोटावर तिला ‘निर्मिती’ असा शिक्का हवा होता. माझ्याकडे छोटं 3018 सीएनसी आहे, 30 बाय 18 सेंटीमीटरचं. म्हटलं, एका संध्याकाळचं काम! मशीनच्या सॉफ्टवेअरमध्येच नाव टाइप केलं, आरशातल्यासारखं उलटं केलं, अ‍ॅक्रिलिकवर कोरलं. उलटी अक्षरं कोण नीट वाचतं?

रात्री ताईचा फोन. “अरे, हे काय लिहिलंयस? रफार कुठंय?” पहिल्या वेलांट्या अक्षरांच्या मागे, र चा पाय मोडलेला. आणि कप थांबणार नव्हते. माती चामड्याइतकी घट्ट असते तेव्हाच शिक्का नीट उठतो. जास्त सुकली की तडे. ती म्हणाली, “प्लास्टिकखाली झाकून ठेवते. सकाळपर्यंत दे.”

गोम अशी. युनिकोडमध्ये ‘निर्मिती’ म्हणजे आठ खुणा: न, ि, र, ्, म, ि, त, ी. पहिली वेलांटी साठवली जाते अक्षरानंतर, दिसते आधी. रफार तर उडी मारून म च्या डोक्यावर बसतो. ही जुळवाजुळव करणारा भागच माझ्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हता. इंग्रजी नावांना तो लागतच नाही, म्हणून इतके दिवस कळलं नाही. (बीटेकला हे कुणी शिकवलं नाही, बरं का.)

उपाय सोपा निघाला. इंकस्केपमध्ये बलू फॉन्टने नाव लिहिलं, ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ केलं. आता ती अक्षरं नाहीत, नुसत्या रेषा. तीच एसव्हीजी मशीनला दिली.

मापाचं गणितही तेव्हाच केलं. ताईची माती भाजून निघेपर्यंत 12 टक्के आकसते. ठसा 40 मिमी हवा, तर शिक्का 40 भागिले 0.88, म्हणजे साधारण 45.5 मिमी. बिट 60 अंशांची, व्ही आकाराची: 1.7 मिमी खोल गेली की सुमारे 2 मिमी रुंद खाच पडते. खाचेच्या भिंती तिरप्या, म्हणून माती अडकत नाही. तरी अ‍ॅक्रिलिकला ओली माती चिकटतेच. दर ठशाआधी कॉर्नफ्लॉरची चिमूट लावायची.

पहाटे शिक्का पोचवला. ताईने आधी उरलेल्या मातीच्या पोळीवर उठवला, मोठ्याने वाचला, मग प्लास्टिक काढलं.