एका अणूच्या जाडीचं नाक

पेन्सिलीने कागदावर रेघ ओढा. त्या रेघेत ग्राफाइट असतं, एकावर एक रचलेल्या पापुद्र्यांचं. २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोवोसेलोव्ह यांनी ग्राफाइटला चिकटपट्टी लावली, सोलली, पुन्हा लावली, पुन्हा सोलली. अखेर हाती आला एकाच अणूच्या जाडीचा थर, ग्राफीन. (हो, साधी चिकटपट्टी! २०१० चं नोबेल या ग्राफीनवरच्या कामालाच मिळालं.)

पण याचा सेन्सरशी काय संबंध? जाड वस्तूत बहुतेक अणू आत दडलेले असतात. ग्राफीनला 'आत' असं काही नसतंच, प्रत्येक अणू उघड्यावर. त्यामुळे वायूचा एखादा रेणू जरी येऊन चिकटला, तरी त्यातून वाहणाऱ्या विजेत फरक पडतो. २००७ मध्ये याच गटाने नायट्रोजन डायऑक्साइडचा एकेक रेणू असा टिपून दाखवला. गाड्यांच्या धुरातला, दमेकऱ्यांना छळणारा हाच तो वायू.

मग तुमच्या खिडकीत असा सेन्सर अजून का नाही? कारण काहीतरी चिकटलं हे ग्राफीनला कळतं, नेमकं कोण ते सहज कळत नाही. हवेतला दमटपणासुद्धा त्याला गोंधळात टाकतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. शिवाय चिकटलेले रेणू लवकर सुटत नाहीत. त्या प्रयोगात ते घालवायला ग्राफीन १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागलं होतं. म्हणून आता संशोधक ग्राफीनवर ठरावीक रेणूच पकडणारे लेप चढवून पाहतात, किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखे दुसरे पातळ थर वापरतात.