चहूकडचा नाद

वाशीम जिल्ह्यात शिरपूर जैन नावाचे गाव आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथाचे हे प्राचीन क्षेत्र. येथील मूर्ती भूमीला न टेकता अधांतरी विराजमान आहे, अशी भाविकांची श्रद्धा आहे. अशा गावाच्या वाटेवर क्षणभर डोळे मिटून उभे राहावे. मागून बैलांच्या गळ्यातील घुंगरे ऐकू येतात, डावीकडून कोणी हाक मारतो, डोक्यावरून पोपटांचा थवा ओरडत जातो. डोळे मिटलेले असूनही कोणता आवाज कोठून आला, हे आपल्याला बिनचूक सांगता येते. हे कसे घडते?

ही सारी किमया दोन कानांची आहे. डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी व उजव्या कानाला किंचित उशिरा पोहोचतो. हा उशीर फार तर सेकंदाच्या सुमारे दीड हजाराव्या भागाएवढा असतो. पण मेंदू तोही टिपतो. शिवाय मध्ये डोके आड येत असल्यामुळे दूरच्या कानाला आवाज थोडा मंद ऐकू येतो. आवाज पुढचा की मागचा, वरचा की खालचा, हे ओळखण्यास कानाच्या बाहेरील भागाची वळणे साहाय्य करतात. प्रत्येक दिशेच्या आवाजात ती निराळा सूक्ष्म फरक घडवून आणतात.

भारतातील पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ साली मुंबईत प्रदर्शित झाला. त्या काळी चित्रपटाचा सगळा आवाज एकाच वाटेने येई. नट पडद्याच्या कडेला गेला, तरी त्याचा आवाज जागचा हलत नसे. त्याच वर्षी ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने दोन वाटांनी ध्वनी मुद्रित करण्याच्या पद्धतीच्या एकस्वासाठी अर्ज केला. दोन ध्वनिक्षेपकांतून एकच आवाज सारख्या प्रमाणात सोडला, तर तो दोहोंच्या मधून आल्यासारखा वाटतो. तेथे ध्वनिक्षेपक नसतोच. गायक जणू अधांतरी उभा राहून गात असतो! एका बाजूचा जोर वाढवला, की गायक त्या बाजूला सरकतो.

पुढे प्रेक्षकांच्या बाजूंना व मागेही ध्वनिक्षेपक आले. १९७५ साली 'शोले' हा चित्रपट मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात अनेक ध्वनिमार्गांसह दाखवण्यात आला. त्यातील नाणे खाली पडल्याचा आवाज ऐकून प्रेक्षक आपल्या खुर्चीखाली वाकून पाहत, असे सांगतात. २०१२ पासून 'डॉल्बी ॲटमॉस' ही पद्धत प्रचारात आली. तिच्यात छतावरही ध्वनिक्षेपक असतात आणि एखादा आवाज अवकाशात कोठे असावा, याची नोंद त्या आवाजाबरोबरच केलेली असते.

परंतु पुष्कळ घरांत दोनच ध्वनिक्षेपक असतात. मग असे संगीत तेथे कसे वाजते? यंत्र सर्व वाटा दोहोंत मिळवते. मधला आवाज दोन्हीकडे सारखा वाटला जातो. मागचा डावा आवाज डावीकडे व मागचा उजवा उजवीकडे, बहुधा थोडा मंद करून, मिसळला जातो. गाण्याचे शब्द, सूर आणि ताल कायम राहतात. पण पाठीमागची वीणा पुढे येते व माथ्यावरचा पाऊस समोर पडू लागतो.

येथे एक शंका येते. कान तर दोनच आहेत. मग दोन ध्वनिक्षेपक का पुरू नयेत? याचे कारण असे, की डाव्या ध्वनिक्षेपकाचा आवाज उजव्या कानालाही ऐकू येतो. त्यामुळे प्रत्येक कानासाठी योजलेला सूक्ष्म फरक पुसट होतो. कानांवर लावायच्या श्रवणयंत्रात ही अडचण नसते. तेथे गणिताने योग्य फरक घालून मागच्या आवाजाचा भास निर्माण करता येतो. मात्र प्रत्येकाच्या कानाची ठेवण निराळी असल्याने तो सर्वांना सारखा होत नाही.

म्हणून दोनच ध्वनिक्षेपक असणाऱ्याने खिन्न होण्याचे कारण नाही. दोन ध्वनिक्षेपक आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण साधावा. ध्वनिक्षेपक कानांच्या उंचीवर ठेवावेत व भिंतीला अगदी चिकटवू नयेत. ऐकणारा एका बाजूला सरकला, तर गायकही त्याच बाजूच्या ध्वनिक्षेपकाकडे ओढला जातो, हे प्रत्येकाने करून पाहावे. अशा बैठकीत पाठीमागचा नाद थोडासा हरवेल. पण समोरच्या नादातील बारकावे स्पष्ट होतील. आणि खराखुरा चहूकडचा नाद ऐकण्याची इच्छा झाली, तर दार उघडून अंगणात यावे व डोळे मिटून उभे राहावे.